अवंतीचा आलेख

"शलाका, एक मिनिट बघून तर घे ना गं."

अवंतीने लॅपटॉप ओट्यावर, थेट कुकरच्या शेजारी आणून ठेवला. मी दोडकं चिरत होते. खरं तर ते चिरून झालं होतं, पण हातात सुरी असली की कामात आहे असं म्हणता येतं, म्हणून मी चिरलेल्याच फोडी पुन्हा चिरत होते.

"वाफ जाईल त्यात," मी म्हणाले.

"जाऊ दे. सकाळी आंघोळ करताना सुचलं मला, आणि आत्ता चालवून पण पाहिलं. बघ ना, कशी वर जाऊन राहिली रेघ."

"मला वेळ नाही. माझंच अजून व्हायचंय."

"एखादी चूक असेल तर सांगशील. तुझं लक्ष बारीक असते."

"शनिवारी बघेनच की सगळ्यांबरोबर."

"बरं बाप्पा," ती म्हणाली, लॅपटॉप मिटला आणि गुणगुणत कढईत तेल ओतायला लागली. तिला राग येत नसे. तिचे जे अनेक गुण मला सोसत नव्हते, त्यातला हा एक.

मी बघितलं नाही, कारण ते चांगलं असणार हे मला ठाऊक होतं. चांगलं असतं तर चांगलं म्हणावं लागलं असतं, आणि तेही तिच्याच हातचा भात खाता खाता.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आम्ही दोघी तेव्हा बालेवाडीत एका फ्लॅटमध्ये राहत होतो आणि एकाच कंपनीत, एकाच दिवशी, ज्युनिअर प्रोग्रामर म्हणून लागलो होतो. ती नागपूरची, मी कराडची. कंपनी लहान होती. शेअर बाजारात माणसाने बसून खरेदीविक्री करायच्या ऐवजी प्रोग्रामकडून ती करून घ्यायची, हा तिचा धंदा. तिथे शिकाऊ वर्ष संपलं की दोन वाटा फुटायच्या. एक संशोधनाची: आकडे उपसायचे, भाव कधी चढतो कधी पडतो याचा एखादा नियम शोधायचा आणि त्याचं मॉडेल बनवायचं. दुसरी इंजिनाची: ते मॉडेल घेऊन बाजारात क्षणात ऑर्डर टाकणारा प्रोग्राम लिहायचा आणि तो बंद पडू द्यायचा नाही. थोडक्यात, संशोधनवाल्यांचं नाव व्हायचं आणि इंजिनवाल्यांना फोन यायचे.

त्या वर्षी संशोधनात एकच खुर्ची रिकामी होती. ती मला हवी होती. अवंतीलाही हवी होती, पण तिचं हवं असणंही कसं, मिळाली तर मिळाली, असं. मी रविवार रविवार डोकं फोडून एखादी कल्पना काढायची, आणि ही बाई केस पुसत बाथरूममधून बाहेर यायची ती कल्पना घेऊनच. माझी आईसुद्धा फोनवर आधी "आमची अवंती काय म्हणतेय?" असं विचारायची आणि मग माझ्याकडे वळायची. मी तिच्यावर जळत होते. याला दुसरा शब्द मला तेव्हाही सापडला नव्हता आणि मी शोधलाही नव्हता.

शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर फारुखने मला खाली चहाला नेलं. फारुख मुजावर इंजिनाचा प्रमुख. मिरजेचा गडी, आवाज एवढा की टपरीवरच्या परक्या लोकांनाही आमच्या गप्पा ऐकाव्या लागायच्या.

"तू आमच्याकडं ये की," तो म्हणाला. "तुझा कोड बघितलाय मी. एक ओळ जास्तीची नसती. संशोधनात जाऊन काय करणार तू? तिथल्या कल्पना सगळ्या केरात जात्यात."

"एखादी जाते ना बाजारात."

"ती पण आम्हीच नेतो."

"आणि नाव कुणाचं होतं?"

फारुखने कप खाली ठेवला. "असं हाय होय. मग खरं सांग. तुला संशोधन पायजे, का अवंतीला मिळू नये असं पायजे?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"बरं हाय," तो म्हणाला. "निदान खोटं तरी बोलत नाहीस."

त्याने मला आणखी एक क्रीमरोल घेऊन दिला आणि इंजिनाचे फायदे सांगत राहिला. ते सगळे खरे होते. माझा हात त्या कामात बसलेला होता, तिथे मला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नसतं, आणि मुख्य म्हणजे तिथे अवंती नव्हती. मी हं हं करत ऐकलं आणि वर जाऊन माझ्या मॉडेलचे आकडे पुन्हा एकदा तपासले.

शनिवारी बाजार नसतो, म्हणून आमच्याकडे शनिवारी 'चिरफाड' असायची. ज्याने नवं काही केलं असेल त्याने पडद्यासमोर उभं राहून ते मांडायचं आणि बाकीच्यांनी ते फाडायचं. नवं मॉडेल आम्ही मागच्या दहा-बारा वर्षांच्या बाजारावर चालवून बघायचो. त्या वर्षांत ते हाताशी असतं तर काय कमावलं असतं, याचा आलेख निघायचा. यात एकच मोठी मेख असते. त्या त्या दिवशी जगात कुणालाच माहीत नव्हती अशी एखादी गोष्ट मॉडेलला चुकून माहीत झालेली असली, की ते भराभर नफा दाखवत सुटतं, कारण त्याने उत्तरं आधीच बघितलेली असतात. या चुकीला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. आमच्याकडे एवढंच म्हणायचे, पेपर फुटलाय.

आधी माझा नंबर लागला. मी मांडलं. कुणाला काही फाडता आलं नाही. एकाने खरेदीविक्रीचे खर्च धरलेत का विचारलं, धरले होते. दुसऱ्याने बंद पडलेल्या कंपन्या वगळल्या नाहीत ना विचारलं, वगळल्या नव्हत्या. आलेख थोडा वर, थोडा खाली, आणि शेवटी जिथून निघाला होता त्याच्या जरा वर येऊन थांबला होता.

"स्वच्छ आहे," उदयन म्हणाले.

उदयन म्हणजे आमचे मालक. कंपनीत सगळ्यांना नावाने हाक मारायची पद्धत होती, पण ते आम्हाला झेपायचं नाही, म्हणून आम्ही उदयन म्हणायचो आणि पुढे तुम्ही लावायचो. त्यांनी पेनचं टोपणसुद्धा काढलं नव्हतं. स्वच्छ हा शब्द स्वयंपाकघराला ठीक आहे. मी खाली बसले.

मग अवंती उठली. ओढणी एका खांद्यावरून लोंबतेय, हातात कागद नाही, काही नाही. म्हणाली, "माझं साधंच आहे. ज्या कंपन्यांचा नफा अपेक्षेपेक्षा जास्त वाढला, पण विक्री नाही वाढली, त्या सोडून द्यायच्या. जिथे दोन्ही वाढून राहिलं, त्या घ्यायच्या." आणि तिने आलेख दाखवला.

रेघ डाव्या कोपऱ्यातून निघाली ती उजव्या कोपऱ्यात वर जाऊनच थांबली. खोलीत कुणीतरी शीळ घातली. उदयन खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि तिथेच उभे राहिले. त्यांनी पेन उघडलं. ही खुर्ची गेली. आता आईला सांगावं लागणार, आणि आई म्हणणार, वा, हुशारच आहे ती.

सगळे ती रेघ कुठे पोचली ते बघत होते. मी ती कुठे अडते ते बघत होते. पापणी न लववता बघत होते. आणि मग मला दिसलं की रेघ सारखी चढत नव्हती. मार्च संपला की उडी. जून संपला की उडी. सप्टेंबर संपला की उडी. मधल्या काळात ती माझ्या रेघेसारखीच रमतगमत चालली होती.

"अवंती," मी म्हणाले, "मार्चच्या तिमाहीचा नफा कंपन्या कधी जाहीर करतात?"

"एप्रिलच्या शेवटी. पुष्कळशा तर मेमध्ये."

"मग तुझ्या मॉडेलने एप्रिलच्या पहिल्याच दिवशी शेअर कसे घेतले?"

ती पडद्याकडे वळली. मी तिच्या पाठीकडे बघत होते. तिला कळलं तो क्षण मला तिच्या मानेवरून कळला.

"डेटामध्ये तारीख एकतीस मार्चच लिहिलेली असते," ती हळू म्हणाली.

"तिमाही संपल्याची तारीख आहे ती. दहावीची परीक्षा मार्चमध्ये होते म्हणून मार्कही मार्चमध्येच कळतात का?"

"फुटला!" फारुख मागून ओरडला. "पेपर फुटला!" आणि सगळी खोली हसली. चिरफाडीत हसायचीच पद्धत होती, माझ्या आधीच्या मॉडेलच्या वेळी मलाही हसले होते. पण अवंतीला कधी कुणी हसलं नव्हतं. तिला हसायची जागाच कळेना, ती नुसती उभी राहिली. मला बरं वाटलं.

"तारखा पुढे ढकल आणि परत चालव," उदयन म्हणाले. "आम्ही चहा घेतो."

तिने उभ्या उभ्याच ते केलं. चहा संपेपर्यंत नवा आलेख आला. रेघ धाडकन खाली आली होती, उड्या गेल्या होत्या, शीळ घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण ती चढत होती. हळू, दमानं, एकेका वर्षाला थोडी थोडी. माझ्या रेघेच्या पुष्कळ वर. उदयननी पेन बंद केलं आणि मला केबिनमध्ये यायला सांगितलं.

"बस," ते म्हणाले. "खुर्ची अवंतीला देतोय."

"तिचं चुकलं होतं."

"चुकलं होतं. तू दाखवलंस, तिने सुधारलं, आणि तरीही काहीतरी उरलं. तुझ्यात चूक नव्हती. पण त्यात काहीच नव्हतं, शलाका."

माझे डोळे भरून आले आणि त्याचाही राग आला. "ठीक आहे. मग मी फारुखकडे जाते."

"जा. तो तुला उचलून नेईल, आणि तू तिथे उत्तम काम करशील. पण मला एक सांग. ती चूक तुला दिसली कशी? मी पडद्याला नाक लावून उभा होतो. इतकी वर्षं हेच करतोय. मला नाही दिसली."

"दिसली. कशी म्हणजे?"

"मी त्या आलेखाच्या प्रेमात पडलो होतो. सगळेच पडले होते." त्यांनी चष्मा पुसला. "एवढं बारीक कुणी प्रेमानं बघत नाही. तू तिच्यावर जळतेस."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उंची किंवा रक्तगट सांगावा तसं सांगितलं.

"खरे पैसे लावायच्या आधी प्रत्येक मॉडेल अशा एका माणसाच्या हातून जायला हवं, ज्याला ते पडलेलं बघायचंय," ते म्हणाले. "मोठ्या बँकांमध्ये हे काम असतं. लोक कंटाळत करतात. आपल्याकडे ही जागाच नाही. तुला हवी असेल तर काढतो."

"म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्याच कल्पना बघत बसायचं? आपलं स्वतःचं काही नाही?"

मला वाटलं ते काहीतरी गोड बोलतील.

"हो," उदयन म्हणाले. "स्वतःचं काही नाही. आणि सगळ्यात जास्त अवंतीचंच बघावं लागेल, कारण सगळ्यात जास्त तिलाच सुचणार. सोमवारी सांग. इंजिन की हे."

मी घरी आले तेव्हा अवंती बाल्कनीत जमिनीवर बसली होती, सँडल पायात तसेच. खुर्ची मिळालेलं माणूस असं बसत नाही. मी पिशवी ठेवली आणि दारात उभी राहिले.

"मुद्दाम केलंस ना?" तिने विचारलं.

"हो."

"गुरुवारी मी तुझ्यासमोर आणून ठेवलं होतं. गुरुवारी बघितलं असतंस तर घरच्या घरी सापडलं असतं ना. सगळ्यांसमोर हसू केलंस माझं."

"गुरुवारी नसतं सापडलं."

"काहून?"

"गुरुवारी तू भात लावला होतास. मी रेघ बघितली असती, मस्त आहे म्हटलं असतं, आणि आपण जेवायला बसलो असतो. तू आवडत असलीस की मला काही दिसत नाही."

"आणि आज?"

"आज मला वाटत होतं तू पडावीस."

समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कुणीतरी चादरी झटकत होतं. मग तिने सँडल काढले, बाजूला लावून ठेवले आणि म्हणाली, "बस इकडे."

मी बसले. उदयन काय म्हणाले ते तिला सांगितलं. जळते म्हणाले, तेही सांगितलं. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल.

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्या महिन्यापासून. माझा ड्रेस छान आहे असं तू म्हणतेस तेव्हा तुझे दात आवळलेले असतात."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं.

"घे ती जागा," ती म्हणाली.

"तुझं सगळं माझ्या हातून जाईल, अवंती. मी काही सोडणार नाही."

"म्हणूनच घे. उदयनला माझं आवडते. माझ्या आईला आवडते, तुझ्या आईलाही आवडते. लहानपणापासून सगळे छान छान म्हणून राहिले मला. खरंच छान काय आहे ते मला कळतच नाही गं. आज पहिल्यांदा कळलं, ती खालची रेघ पाहून." तिने नाक पुसलं. "फक्त एक कर. जळणं सोडू नको. मधेच माझ्यावर प्रेमबिम करायला लागलीस तर माझं वाटोळं होईल."

"त्याची तू काळजीच करू नकोस," मी म्हणाले.

सोमवारी फारुखला नाही म्हणताना मला वाईट वाटलं. त्याने मला वेड्यात काढलं. त्याच्याकडे मला हातचं काम होतं, मान होता, शांत झोप होती. हे सगळं सोडून मी रोज उठून जिच्या हुशारीने माझा जीव खालीवर होत होता, तिचीच हुशारी ओळीने वाचायची नोकरी पत्करली होती. आईला फोनवर सांगितलं की मी आता अवंतीचं काम तपासणार, तर ती खूश होऊन म्हणाली, "म्हणजे तू तिची साहेब?" मी नाही म्हणाले नाही.

पुढचे काही महिने माझे फार सुखात गेले. अवंती मॉडेल आणायची, मी पाडायची. एकदा बोनस शेअर दिल्यामुळे उतरलेला भाव तिने खरी पडझड धरला होता. एकदा तिने आज नावाजलेल्या कंपन्याच मागच्या वर्षांत नेऊन बसवल्या होत्या. "कुठे?" म्हणत ती माझ्या टेबलाशी यायची, मी बोट ठेवायची, ती कपाळावर हात मारून परत जायची. मला त्या दिवशी जेवण जास्त जायचं. बाकीच्यांची मॉडेलंही मी तपासायची, पण त्यात ती चव नव्हती.

मग दिवाळीच्या सुमाराला तिने एक आणलं. मी नेहमीसारखं घेतलं आणि तारखांपासून सुरुवात केली. तारखा बरोबर होत्या. कंपन्या बरोबर होत्या. खर्च मी दुप्पट करून पाहिला, रेघ वाकली पण मोडली नाही. तेजीची वर्षं काढून टाकली, मंदीची तेवढी ठेवली, तरी ती चढत होती. तिचा कोड बाजूला ठेवून मी सगळं नव्याने स्वतः लिहिलं, आणि माझ्या हातूनही तीच रेघ निघाली. रेघ माझ्या पडद्यावर, माझ्या कोडमधून आलेली, आणि माझी नाही. मी ती इतका वेळ बघत बसले की फारुखने येऊन बरी आहेस ना विचारलं. मला एखादी तारीख हवी होती. एखादं शून्य हवं होतं. मी देवाला काही मागत नाही, पण त्या आठवड्यात मागितलं.

शनिवारी सगळे खोलीत जमले. अवंतीने मांडून झालं. या वेळी कुणी शीळ घातली नाही, कुणी पडद्याजवळही गेलं नाही. सगळे माझ्याकडे वळून बघत होते. उदयनसुद्धा.

"शलाका?" ते म्हणाले.

मी पाणी प्यायले.

"काही नाही," मी म्हणाले.

उदयननी दुसरा प्रश्न विचारला नाही. ते फारुखकडे वळले आणि म्हणाले, "न्या बाजारात."

खुर्च्या सरकल्या, लोक उठले, कुणी अवंतीचं अभिनंदन केलं. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती गर्दीतून वाट काढत सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. सगळी खोली तिला छान म्हणत होती आणि तिला ते ऐकूही आलेलं नव्हतं.

"नक्की?" तिने विचारलं.

"खूप शोधलं गं," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. "खूप शोधलं. नाहीये."